नंबर कुणाच्या नावाचा?

(सरकीची ढेप आणि कडबा मुंबईच्या तबेल्यांना थेट पुरवण्याचा धंदा सुरू करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटापुढे आरे कॉलनीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांतून वाचून दाखवण्यासाठी.)



सकाळपासून आपण तबेले पाहत फिरतो आहोत. म्हशींच्या गव्हाणीत काय पडले आहे ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले. हिरवे गवत आहे, कुट्टी आहे, आणि सरकीची ढेप आहे. आपल्यातल्या एका भावाने तबेल्यावरच्या माणसाला विचारले, "ही ढेप येते कुठून?" तो म्हणाला, "दुकानातून." त्याच्यापुरते खरेच आहे. दुकानाच्या मागे काय आहे ते त्याला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. आपल्या रानातला कापूस जिनात जातो, सरकी घाण्यावर जाते, तेल निघते आणि ढेप उरते. ती ढेप चार हात बदलून इथे येते. कडब्याचेही तेच. ज्वारीचे कणीस आपण खातो, धांडा मुंबईची म्हैस खाते.

ही वसाहत वसली १९४९ साली. मुंबई शहरात दाटीवाटीने असलेले म्हशींचे गोठे बाहेर काढून गोरेगावच्या या डोंगराळ जमिनीवर आणायचे आणि शहराला स्वच्छ दूध द्यायचे, ही दारा खुरोडी यांची योजना. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. खुरोडींना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळी मुंबईत आरेचे दूध घ्यायला कार्ड लागायचे. कार्ड घरातल्या कुणाच्या नावावर आहे याला महत्त्व होते, कारण कार्डावर लिहिले तेवढेच दूध त्या घरात यायचे.

ही कार्डाची गोष्ट मी मुद्दाम काढली. काल रात्री मुक्कामाच्या जागी तुमची चर्चा चालली होती, ती मी पडल्या पडल्या ऐकली. एक भाऊ म्हणाला, "नंबर काढला की कर मागे लागतो. नंबरच नको." दुसरा म्हणाला, "नंबराशिवाय तबेलेवाला बिल घेणार नाही. गुरुजींचे पॅन कार्ड आहेच, त्यांच्या नावावर काढून टाकू. नाव कुणाचे का असेना, हिशेब आपला सातजणांचा." आणि परवा गावी पोचल्यावर सह्या करायच्या असे ठरले.

भावांनो, या दोन्ही वाक्यांत घोटाळा आहे. पहिल्या वाक्यात भीती खोटी आहे. दुसऱ्या वाक्यात धीर खोटा आहे. आणि दुसरा खोटेपणा जास्त महाग पडतो. तो मी भोगलेला आहे, म्हणून आधी तोच सांगतो.

आमची चूक

२०१८ साली आम्ही सहाजणांनी असाच ढेपीचा व्यवहार सुरू केला. प्रत्येकी ५० हजार घातले. आमच्यात एक भाऊ हिशेबाला पक्का, बोलायला गोड. सगळे म्हणाले, याच्याच नावावर करू. पॅन त्याचे, बँकेचे चालू खाते त्याचे, बिलावर नाव त्याचे. आमचे सहाजणांचे नाते कुठे लिहिलेले होते? शाळेच्या दोनशे पानी वहीत. तीन वर्षे धंदा नीट चालला. एका पैची अफरातफर झाली नाही.

२०२१ मध्ये तो भाऊ गेला. चार दिवसांच्या आजारात गेला.

तेराव्यानंतर आम्ही बँकेत गेलो. बँकेने सांगितले, खातेदार मयत आहे, खात्यातले पैसे वारसांचे. खात्यात ३ लाख ४० हजार होते. त्यात आम्हा पाचजणांचे किती, हे बँकेला माहीत असायचे कारणच नव्हते. वहिनी बिचाऱ्या म्हणत होत्या, "भाऊजी, तुमचे पैसे मला नकोत." पण लेकरे अज्ञान, वारसाचे कागद निघायचे होते. चौदा महिने गेले. तोवर ज्याच्याकडून सरकी उचलली त्याची उधारी थकली, आणि धंदा बसला. कुणी फसवले नाही, कुणी लबाडी केली नाही, तरी बुडालो. कागदावर तो धंदा आमचा कधी नव्हताच.

म्हणून आज मी तुम्हाला नंबर म्हणजे काय ते अक्षर अक्षर करून सांगणार आहे. ऐका, मग परवा सही करा.

पॅन कसे वाचायचे

आपापली कार्डे खिशातून काढा. पॅन हा दहा जागांचा नंबर. पहिली पाच अक्षरे, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. हा प्राप्तिकर खात्याचा नंबर आहे. त्यात सगळ्यात बोलके अक्षर आहे चौथे. तुमच्या प्रत्येकाच्या कार्डावर चौथे अक्षर 'पी' आहे. पी म्हणजे व्यक्ती, एकटा माणूस. पाचवे अक्षर तुमच्या आडनावाचे पहिले अक्षर.

भागीदारी संस्थेचे पॅन असेल तर चौथे अक्षर 'एफ' येते. कंपनीचे असेल तर 'सी'. अविभक्त हिंदू कुटुंबाचे 'एच'. न्यासाचे 'टी'. म्हणजे एखाद्या धंद्याचे पॅन हातात आले की चौथ्या अक्षरावर बोट ठेवा. तिथे पी असेल तर तो धंदा एका माणसाचा आहे. मागे सातजण असोत की सत्तर, कायद्याला एकच माणूस दिसतो. नफा त्याचा, कर त्याचा, कर्ज त्याचे, नोटीसही त्याची. उद्या धंदा बुडाला तर गुरुजींच्या घरादारावर येईल. उद्या गुरुजी गेले तर तुमचे पैसे वारसांच्या हाती जातील. दोन्हीकडून अन्याय आहे.

पॅन काढले म्हणून कर लागत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. कर लागतो तो उत्पन्नावर. पॅन ही ओळख आहे. ज्याच्याकडे आधार आहे अशा व्यक्तीला इ-पॅन प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ज्यांनी जुने पॅन आधारला जोडलेले नाही त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झालेले असू शकते. तेवढे मात्र घरी गेल्यावर तपासा.

सातजणांचा धंदा असेल तर सातजणांचा कागद

मग नंबर कुणाच्या नावाचा काढायचा? सरळ मार्ग भागीदारीचा. १९३२ चा भागीदारी कायदा आहे. मुद्रांकावर करारपत्र करायचे. कुणी किती भांडवल घातले, नफा-तोटा कसा वाटायचा, सही कोण दोघे करतील, एखादा भागीदार बाहेर पडला तर त्याचे काय, हे सगळे त्यात लिहायचे. आणि एक वाक्य विसरायचे नाही : एखादा भागीदार मरण पावला तरी संस्था चालू राहील. हे वाक्य करारात नसेल तर त्या कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी विसर्जित होते. आमच्याकडे तर करारच नव्हता, वाक्य कुठून असणार?

करार केला की तो संस्था-निबंधकांकडे नोंदवा. नोंदणी सक्तीची नाही, म्हणून पुष्कळ लोक टाळतात. पण ६९ वे कलम असे आहे की, नोंदणी नसलेल्या भागीदारीला करारातल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. इथल्या एखाद्या तबेल्याने ढेपीचे पैसे दिले नाहीत तर तुम्ही कोर्टाच्या पायरीवरूनच परत याल.

यात एक खर्चाची बाजू आहे, ती लपवत नाही. एकट्या व्यक्तीला नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. भागीदारी संस्थेला अशी सवलत नाही. तिच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आहे. पण भागीदार स्वतः राबत असतील तर त्यांचा मेहनताना, आणि त्यांच्या भांडवलावरचे व्याज, कायद्याने घातलेल्या मर्यादेत नफ्यातून वजा होते. अट एकच, ते करारपत्रात लिहिलेले असले पाहिजे. म्हणजे कराराचा कागद नीट लिहिणे हाच कर वाचवण्याचा सरळ रस्ता आहे.

तुम्ही दहाजण उत्पादक झालात तर उत्पादक कंपनी काढता येते. कंपनी कायद्यात ही सोय २००३ पासून आली. कंपनीला पॅन आणि टॅन नोंदणीबरोबरच मिळतात. पण दर वर्षी हिशेबतपासणी आणि कंपनी निबंधकांकडे कागद देणे आले. वर्षाला चार ट्रक ढेपीचा व्यवहार असेल तर एवढा बोजा घेऊ नका. व्यवहार वाढला की घ्या.

आणि मायबहिणींनो, तुमच्यापैकी तिघींनी बचत गटातून पैसे घालायचे ठरवले आहे. पैसे तुमचे आणि करारावर नाव घरधन्याचे, असे होऊ देऊ नका. सातबाऱ्यावर तुमचे नाव नाही, म्हणून कर्जाच्या वेळी बँक तुम्हाला ओळखत नाही. या नव्या कागदावर तरी पहिल्या दिवसापासून नाव असू द्या.

जीएसटीचा नंबर

आता दुसरा नंबर. आपल्या वडिलांच्या काळी दुकानदाराकडे विक्रीकराचा नंबर असे, तो १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्याचा. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात व्हॅट आला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला.

जीएसटीचा नंबर पंधरा जागांचा. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. व्हॅटच्या नंबरातही सुरुवातीचे २७ हेच होते. पुढच्या दहा जागा म्हणजे जसेच्या तसे पॅन. तेरावी जागा म्हणजे त्या पॅनवर या राज्यातली कितवी नोंदणी. चौदावे अक्षर साधारण 'झेड' असते, पंधरावे तपासणीचे. म्हणजे कुणी बिल दिले की त्यावरच्या नंबरातली तिसरी ते बारावी जागा वाचा. त्यात पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे नंबरातली सहावी जागा, पाहा. समोरचा एकटा आहे, भागीदारी आहे की कंपनी आहे, ते बिलावरच कळते.

हा नंबर कुणाला लागतो? नुसता माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की लागतो. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे. सेवा देणाऱ्याला २० लाख. लक्षात ठेवा, उलाढाल म्हणजे विक्री, नफा नव्हे. ४० लाखांची ढेप विकून ८० हजार सुटले तरी उलाढाल ४० लाखच.

पण याला दोन मोठे अपवाद आहेत, आणि दोन्ही आपल्या उपयोगाचे आहेत.

पहिला अपवाद शेतकऱ्याचा. स्वतःच्या कष्टाने, घरच्यांच्या कष्टाने किंवा मजूर लावून जमीन कसणाऱ्या व्यक्तीला किंवा अविभक्त कुटुंबाला, आपल्या जमिनीत पिकलेला माल विकण्यासाठी नोंदणी लागत नाही. किती का विकेना. पण शब्द नीट ऐका. व्यक्ती किंवा अविभक्त कुटुंब. भागीदारी आणि कंपनी या व्याख्येत बसत नाहीत. शेजाऱ्याचा कापूस विकत घेऊन पुढे विकणारा शेतकरीही त्या व्यवहारापुरता व्यापारी होतो.

दुसरा अपवाद करमुक्त मालाचा. जो केवळ करमुक्त माल विकतो त्याला नोंदणी लागत नाही. सरकीची ढेप करमुक्त आहे. कडबा करमुक्त आहे. म्हणजे तुम्ही फक्त ढेप आणि कडबा विकणार असाल तर उलाढाल ४० लाख होवो की ६० लाख, जीएसटीचा नंबर तुम्हाला लागतच नाही. काल रात्रभर ज्याची भीती वाटत होती त्याची मुळात गरजच नाही.

गरज कधी पडेल? समजा, तुम्ही ३८ लाखांची ढेप विकली आणि त्याच पॅनवर ५ लाखांचे सरकीचे तेल विकले. तेलावर कर आहे. आता तुम्ही केवळ करमुक्त माल विकणारे राहिला नाहीत. उलाढाल मोजताना दोन्ही मिळवतात. ३८ आणि ५ मिळून ४३ लाख. मर्यादा ओलांडली, नोंदणी आली. आणि करपात्र माल परराज्यात विकायचा, म्हणजे वणीहून आदिलाबादला किंवा नंदुरबारहून सुरतेला पाठवायचा, तर ४० लाखांची वाटही पाहता येत नाही, पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते.

ज्वारीचे उदाहरण घ्या. पोत्यातली सुटी ज्वारी करमुक्त. तीच ज्वारी किंवा तिचे पीठ ५ किलोच्या छापील पिशवीत भरून विकले तर ५ टक्के. २५ किलोपर्यंतच्या बांधीव, छापील पिशवीवर हा कर १८ जुलै २०२२ पासून आहे. पिशवीला आकडा लागतो आहे, ज्वारीला नाही. तेव्हा पिशवी छापण्याआधी हिशेब करा.

कापसाच्या पट्टीवर लक्ष ठेवा

इथे सगळे कापूसवालेच आहेत, म्हणून हे वेगळे सांगतो. कापसावर जीएसटी ५ टक्के आहे. पण नोंदणी झालेला जिनवाला किंवा व्यापारी शेतकऱ्याकडून कापूस घेतो तेव्हा तो कर सरकारात भरायची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हा नियम आहे. तो कर तुमच्या पट्टीतून कापायचा नसतो. हमाली आहे, तोलाई आहे, या कपाती आपण पिढ्यान् पिढ्या पाहतो आहोत. त्यांच्या ओळीत कुणी 'जीएसटी' अशी नवी ओळ लिहिली तर विचारा : मी शेतकरी आहे, हा कर माझ्याकडून कशाचा? उत्तर लेखी मागा.

दोन हिशेब वेगळे ठेवा

पुष्कळांचा गोंधळ इथे होतो. जीएसटी मालावर, प्राप्तिकर नफ्यावर. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. या आरे कॉलनीतच त्याचे उदाहरण उभे आहे. ताज्या दुधावर जीएसटी नाही, पण तबेलेवाल्याला दुधाच्या नफ्यावर प्राप्तिकर आहे. उलट कापसावर जीएसटी आहे, पण कापूस पिकवणाऱ्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही.

असे का? शेतीचे उत्पन्न १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात करमुक्त होते. २०२५ साली संसदेने नवा कायदा केला, तो १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यातही ही सूट ठेवली आहे. पण शेती कशाला म्हणायचे? १९५७ साली राजा बिनयकुमार सहस रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जमिनीवरची मूळ मशागत असेल तर ती शेती. नांगरणी, पेरणी, लागवड. आणि त्याला जोडून पुढची निंदणी, राखण, कापणी. जमिनीशी नाते नसलेला दूध-धंदा त्यात बसत नाही. ढेपीचा व्यापारही बसत नाही.

आता मधले प्रकरण. घरच्या ज्वारीचे पापड केले तर? कायदा दोन भाग करतो. समजा, ६० हजार बाजारभावाची घरची ज्वारी वापरली. पापडासाठी इतर खर्च २५ हजार. विक्री १ लाख. तर ६० हजार हे ज्वारीचे मोल म्हणून शेतीकडे जाईल. उरलेल्या ४० हजारांतून २५ हजार खर्च वजा. धंद्याचा नफा १५ हजार. कराच्या हिशेबात येतील ते हे १५ हजार. पण हे दाखवणार कशावरून? त्या दिवसाच्या बाजार समितीच्या भावावरून आणि तुमच्या वहीवरून. वही नसेल तर सगळे १ लाख धंद्याचे धरले गेले तर भांडणार कशाच्या जोरावर?

एक बारीक गोष्ट. धंद्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेले तर शेतीचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे लागते. त्यावर कर नाही, पण धंद्याच्या उत्पन्नाला कराचा कोणता दर लावायचा हे ठरवताना ते धरतात. म्हणून लपवू नका आणि फुगवूही नका.

बाकीचे नंबर

टॅन हाही दहा जागांचा नंबर, पण पॅनपेक्षा वेगळा. चार अक्षरे, पाच आकडे, एक अक्षर. सुरुवातीची तीन अक्षरे गावखात्याची. मुंबईचे एम-यू-एम, नागपूरचे एन-जी-पी. दुसऱ्याला पैसे देताना त्याचा कर कापून सरकारात भरायची ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याला टॅन लागतो. कुणी पहिल्याच दिवशी "टॅन काढावाच लागेल" म्हणून पैसे मागितले तर आधी विचारा, आम्ही कुणाचा कर कापणार आहोत?

व्यवसाय कराचे दोन दाखले असतात. धंदा करणाऱ्याचा स्वतःचा एक, त्यावर वर्षाला २,५०० रुपये. नोकर ठेवले आणि त्यांच्या पगारातून कर कापायचा झाला तर दुसरा. हा कायदा १९७५ चा. रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी तो केला. ज्या हमीच्या कामावर आपण दगड फोडले, तिचा पैसा शहरातल्या पगारदारांकडून आणि धंदेवाल्यांकडून असा आला. आता धंदेवाले आपण होतो आहोत, तर आपणही द्यावा.

उद्यम नोंदणी, दुकान कायद्याची सूचना, अन्न परवाना, हे करांचे नंबर नाहीत. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि ती पूर्णपणे फुकट आहे. थोडेच कामगार असलेल्या दुकानाला महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नाही, नुसती सूचना द्यायची असते. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर माणसाच्या खाण्याचा माल विकणाऱ्याला लागतो, पापड-पिठाला लागेल, ढेपीला नाही. जीएसटीच्या नोंदणीलाही सरकारी फी नाही. तेव्हा "सगळे नंबर एकत्र अमुक हजारात" असे कुणी म्हटले तर तो त्याच्या मेहनतीचे पैसे मागतो आहे, सरकारचे नव्हे. मेहनतीचे द्यावे, पण किती ते आधी ठरवून.

आणि नोंदणीत जागेचा पुरावा लागतो. घरपट्टीची पावती, वीजबिल, भाडेकरार किंवा मालकाचे संमतिपत्र. आरेतली जमीन सरकारच्या दुग्धविकास खात्याची आहे. तबेल्याच्या कोपऱ्यात चार पोती ठेवायला मिळाली म्हणून ती जागा आपल्या कागदावर लिहू नका. पत्ता गावचाच लावा. माल महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच येतो आहे.

नंबर घेतला की हजेरी

काहींना वाटते, लागत नसला तरी जीएसटीचा नंबर घेऊन ठेवू, पाटीवर बरा दिसतो. नंबर घेतला की विवरणपत्र भरावे लागते, विक्री शून्य असली तरी. शून्याचे विवरणपत्र चुकले तर दिवसाला २० रुपये, व्यवहार असला तर ५० रुपये विलंब आकार चढतो. बैल विकत घेतला आणि खुंट्याला बांधून ठेवला तरी वैरण घालावीच लागते, तसे हे. काम नसेल तर बैल घेऊ नये, आणि काम संपले तर रीतसर नोंदणी रद्द करून घ्यावी. नुसते सोडून देऊ नये.

शेवटची आणि सगळ्यात मोठी गोष्ट

आपल्याकडे आधार आणि पॅनच्या झेरॉक्स किती ठिकाणी पडलेल्या असतात? पीकविमा, कर्ज, अनुदान, सिमकार्ड. दुसऱ्याच्या पॅनवर खोट्या नोंदण्या काढून लाखो रुपयांची बिले फाडण्याचे प्रकार देशभर उघडकीस आले आहेत. ज्याने आयुष्यात दुकान पाहिले नाही अशा मजुराच्या दारात कोट्यवधींची नोटीस येते. ती येण्याआधी कळायला एक मार्ग आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन घालून शोधण्याची सोय आहे. त्यासाठी खाते लागत नाही, पैसा लागत नाही. तुमच्या पॅनवर कुठल्या राज्यात कोणती नोंदणी आहे ते दिसते. आपल्या नकळत काही दिसले तर तिथेच तक्रार करा आणि पोलिसांच्या सायबर शाखेत अर्ज द्या.

हे जिल्ह्याच्या प्रत्येक बैठकीत करा. कुणाच्या तरी पोराच्या हातात फोन असतोच. त्याने एकेकाचे पॅन घालून दाखवावे. आणि मोबाइलवर आलेला सहा आकडी संकेत म्हणजे आता तुमची सही आहे. पूर्वी कोऱ्या कागदावर अंगठा द्यायला सावकार सांगायचा. फोनवर "आलेला आकडा सांगा" म्हणणारा तेच मागतो आहे. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवे लिहा.

तेव्हा परवा सहीला बसाल तेव्हा चार प्रश्न विचारा. या नंबराची आपल्या मालाला गरज आहे का? तो कुणाच्या नावाचा निघतो आहे, चौथे अक्षर काय येणार? आपल्यातला एक उद्या नसला तर धंदा कुणाचा? आणि संकेत कुणाच्या फोनवर येणार? चारही उत्तरे मिळाली तर सही करा. एक जरी अडले तर त्या दिवशी सही नाही. ढेप चार दिवस थांबेल, म्हैसही चार दिवस दुसरे काही खाईल.

आमचा तो भाऊ माणूस म्हणून सोन्यासारखा होता. म्हणूनच आम्ही कागद केला नाही. कागद मागणे म्हणजे अविश्वास, असे आम्हाला वाटले. आज वाटते, कागद केला असता तर त्याच्या माघारी वहिनींना आमच्यापुढे मान खाली घालायची वेळ आली नसती. गुरुजींवर तुमचे प्रेम असेल तर धंदा एकट्या त्यांच्या नावावर करू नका.

एवढेच सांगायचे होते. आता चहा घेऊ आणि पुढचा तबेला पाहू.